सहाव्या बाटलीतला खिळा

बाटल्या येतात मेहसाण्याहून, थर्माकोलच्या डब्यात,
बुचावर मेण, अंगावर विहिरीचा नंबर.
बेळगावाखाली तेल नाही.
असलंच तर आम्हाला कुणी कळवलेलं नाही.
उद्यमबागेत दोन फाउंड्र्यांच्या मधे
पत्र्याच्या छपराखाली आमची लॅब,
आणि तिथे मी, दीड किलोमीटर खोलवरच्या माणसांना
(माणसं म्हणायचं नाही असं ठरवलं होतं)
दहा-दहा पट पातळ करत मोजते.

पहिल्या बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत,
सहावीपर्यंत.
प्रत्येकीत एक लोखंडी खिळा.
खिळे दुंडाप्पा हुक्केरी आणतो, शहापुरातून, वजनावर,
गंज घासून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतो.
"एष्टु बेकु, अक्का?"
अठरा.
मग थांबायचं. अठ्ठावीस दिवस.

खिळा काळा पडला की समजायचं, ते आहेत:
सल्फेटवर दम घेणारे,
उच्छ्वासात कुजक्या अंड्याचा वास सोडणारे.
पाइप आतून खातात. विहीर आंबवतात.
वर झडप उघडणाऱ्या पोराला
वास यायचा बंद झाला, की खरी भीती.

त्यांना उपाशी ठेवायचं तर खाली नायट्रेट सोडतात,
आपल्याकडे उसाला घालतात त्याचंच चुलतभावंड.
मग दुसरे जागे होतात.
पंगत तीच, पानात तेच ॲसिटेट,
पण ह्यांचा घास मोठा आणि हात चपळ.
खाऊन उठताना नायट्राइट मागे टाकतात,
पहिल्यांच्या घशात अडकेल असं.
आरडाओरडा होत नाही.
पान रिकामं होतं, एवढंच.

कोण तिथे खडकाबरोबर आलं
आणि कोण आपण ढकललेल्या पाण्यातून उतरलं,
ह्यावर अजून वाद आहे.
आधी कोण.
वाद ऐकल्यासारखा वाटतो.
खानापूरला जेवताना हे सांगितलं, तर भावजी म्हणाले,
"म्हणजे आपल्यासारखंच की! कानडी-मराठी."
मी म्हटलं, नाही, त्यांच्यात पाट्या नसतात.
मग त्यांनी बराच वेळ नुसती भाकरी मोडली.

सगळ्यांच्या शेवटी, गाळात, मिथेनवाले.
त्यांना कुणी वाढत नाही.
वरचा कुणी तेलाची लांब साखळी तोडत बसतो,
तोडताना त्याच्या हातून हायड्रोजन सांडतो,
आणि तो साचत गेला तर त्याचं स्वतःचंच तोंड बंद होतं,
समोर अन्न असून.
हे सांडलेलं उचलतात.
उचलतात म्हणून तो खातो. तो खातो म्हणून हे.
ह्यात उपकार कुणाचा, हे ठरवायचा पगार
रेगो सर मला देत नाहीत.
रिपोर्टात दोनच रकाने:
किती आहेत. मारायला औषध किती लागेल.

ह्या खेपेला पाच बाटल्या काळ्या,
डांबरात बुडवल्यासारख्या.
सहावीतला खिळा दुंडाप्पाने घासला तसाच.
मी लिहिलं: सहावी, नाही.
सही केली. कुरिअर गेलं.
बाटली मात्र टाकली नाही,
का, ते विचारू नका,
हीटरच्या कपाटात मागे सरकवली, आणि विसरले.

दोन महिन्यांनी लाइट गेली.
फाउंड्रीचा पंखा थांबला, इतकी शांतता
की शेजारच्या मुकादमाची शिंक ऐकू आली.
दुंडाप्पा मोबाइलच्या उजेडात कपाट पुसत होता.
म्हणाला, "अक्का, हे बघा की."
रबरी बूच वर फुगलेलं.
खिळ्याला टेकून एक बुडबुडा,
मोहरीएवढा, सुटू की नको असा.

"कोण आहे ह्यात?"
माहीत नाही, म्हटलं.
पण एकटं कुणी नसणार.

त्याने बाटली जिथली तिथे ठेवली,
लेबल भिंतीकडे करून.
मग अंधारातच
उद्याचे खिळे घासायला घेतले.